गोळी घेतली का नाही तेच आठवत नाही (बीपी + शिफ्ट ड्युटी)

शिफ्टवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. वय ४४, भोसरी एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये बीपी १६०/१०० निघालं, मग आमच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजलं आणि गोळ्या चालू केल्या, ॲम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४०, दोन्ही रोज एकेक, सकाळी नाश्ता झाल्यावर.

आता सकाळ म्हणजे माझी कुठली सकाळ ते सांगा. फर्स्टला मी पावणेसहाची बस पकडतो आणि नाश्ता कंपनीत नऊला. सेकंडला उठतोच साडेआठला. थर्डला सकाळी सातला घरी येतो, दोन घास पोहे खातो आणि पडदा ओढून झोपतो, म्हणजे ती माझी रात्रच असते. आणि हे दर आठवड्याला बदलतं. एका वेळेची सवय लागतेय न लागतेय तोवर शिफ्ट पलटते.

पण विसरण्यापेक्षा मोठी भानगड वेगळीच आहे, गोळी घेतली का नाही तेच आठवत नाही. हातात स्ट्रिप घेऊन बघतो, सहा राहिल्यात, बरं मग काल किती होत्या? कुणी मोजल्यात? आजचं घेतल्याचं आठवतं तेव्हा ते आजचं आहे का कालचं हे कळत नाही कारण रोज तोच तांब्या, तोच ओटा, तीच गोळी.

गेल्या मंगळवारी थर्डहून आलो, गोळ्या घेऊन झोपलो, दुपारी दोनला उठलो, बायकोने चहा पुढे ठेवला, मला वाटलं सकाळ झाली आणि परत दोन्ही घेतल्या. संध्याकाळी पाचला खुर्चीतून उठलो तर डोळ्यासमोर अंधारी, भिंत धरून उभा राहिलो. नशीब त्या वेळी स्कूटरवर नव्हतो. बायकोने जे काय सुनावलं ते इथे लिहीत नाही.

मोबाईलचा अलार्म कृपया सांगू नका, शॉप फ्लोअरला मोबाईल नेता येत नाही, लॉकरमध्ये असतो. आणि "लक्षात ठेवा" हे सोडून काहीही सांगा. शिफ्टवाल्या कुणाचा अनुभव असेल तर फार बरं.

निवांत_नाना

अलार्म लावा की राव. मी आठ वर्षं सकाळी साडेसातचा लावलाय, वाजला की गोळी, विषय संपला.

शिफ्टवाला_भोसरी

नाना, शेवटचा परिच्छेद 🙏

निवांत_नाना

सॉरी सॉरी, अर्धंच वाचलं. पण खरं सांगू का, माझाही अलार्म वाजतो, मी तो बंद करतो, मनात म्हणतो पेपर संपला की घेतो, आणि मग साडेनऊला ही विचारते घेतली का. तेव्हा तुमच्या लाइनीत मी पण आहे समजा.

मेडिकलवाल्या_काकू

आमचं मेडिकल आहे, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, काउंटरवर बावीस वर्षं मीच उभी असते. तुमचा प्रश्न मला दिवसाआड कुणीतरी विचारतं आणि प्रत्येकाला वाटतं की असं फक्त आपलंच होतंय.

सीडीवर लिहायचा मार्कर असतो बघा, दहा-वीस रुपयाला मिळतो. नवी स्ट्रिप फोडायच्या आधी तिच्या मागच्या चंदेरी बाजूला प्रत्येक गोळीच्या पाठी तारीख लिहायची, १४, १५, १६ असं. वार नका लिहू, तुम्हा शिफ्टवाल्यांचं वाराचं गणित चुकतं, तारीख मोबाईलवर दिसते. मग घेतली का नाही हा प्रश्नच उरत नाही, १६ तारखेचा खळगा फुटलेला असेल तर घेतली, नसेल तर नाही. दोन औषधं आहेत तर दोन्ही स्ट्रिपवर लिहायचं आणि दोन्ही एका रबरात गुंडाळून ठेवायच्या.

आता सोमवार-मंगळवारच्या डबीबद्दल. ती प्लास्टिकची सात खणांची डबी चांगली आहे पण टेल्मिसार्टन त्यात सुटी काढून ठेवू नका. ती गोळी हवेतला ओलावा ओढते, म्हणून घेईपर्यंत फॉइलमध्येच ठेवायची असते, पावसाळ्यात तर नक्कीच. आमच्याकडे एक आजोबा आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरायचे आणि शनिवारची गोळी बोटाला पिठासारखी लागते म्हणून माझ्याशी भांडायला आले होते, की तुम्ही जुना माल देता. डबीच हवी असेल तर कात्रीने स्ट्रिपचा एकेक खळगा फॉइलसकट कापून खणात टाका. फक्त ज्या कोपऱ्यावर नाव आणि एक्स्पायरी छापलेली असते तो तुकडा शेवटी वापरायचा, नाहीतर आठवड्याने आम्हाला येऊन विचारता ही पांढरी गोळी कशाची ओ.

अजून एक. तुमच्या दोन्ही औषधांची मिळून एकच गोळी येते. डॉक्टरांना विचारा की बदलून देता का, मी काउंटरवरून परस्पर बदलून देणार नाही आणि दुसऱ्या कुणाकडून घेऊही नका. पण एक गोळी विसरणं हे दोन विसरण्यापेक्षा अवघड असतं 😀

आणि स्ट्रिप संपत आली की कळायला पाहिजे. गोळ्या विसरून राहतात त्याच्याइतक्याच संपून राहतात, शेवटची घेतली, उद्या आणू म्हटलं, उद्या पाऊस, परवा दुकान बंद, चार दिवस गेले. शेवटून पाचव्या तारखेभोवती लाल गोल करा, तो दिसला की त्या दिवशी आणायच्या.

शिफ्टवाला_भोसरी

काकू, हे लाल गोलाचं भारी आहे. आणि हो, माझ्या पण चार दिवस राहिल्या होत्या, गणपतीला गावी गेलो तेव्हा. गोळ्या इथे फ्रीजवर आणि मी देवरुखला.

मेडिकलवाल्या_काकू

गावाकडे पण मेडिकल असतं हो 😀 चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवत जा.

निसर्गात_रहा

दादा एवढ्या गोळ्यांच्या मागे लागूच नका. रोज उपाशीपोटी दोन लसणाच्या पाकळ्या आणि शेवग्याच्या पानांचा रस, तीन महिने करा, गोळी बंद. या गोळ्या एकदा चालू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत. आपल्याकडे सर्पगंधा होतीच की, तेव्हा कुठे होत्या या कंपन्या.

जुनी_पुस्तकं

सर्पगंधा काढलीत म्हणून लिहितो. सर्पगंधेने बीपी उतरतं हे खरंच आहे, आणि ते जगाला ठळकपणे सांगितलं मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी, १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांचा लेख आला होता. नंतर त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं आणि त्याचीही शेवटी गोळीच झाली, रोज आठवणीने घ्यायची. ती मागे पडली कारण काही लोक त्यावर उदास व्हायचे, नाक चोंदायचं, आणि नंतर यापेक्षा सोसणारी औषधं आली. तेव्हा सर्पगंधेचा अभिमान मलाही आहे पण ती गोळ्यांच्या विरुद्ध पार्टीत नाही, गोळ्यांचीच आजी आहे. लसूण फोडणीत घाला, उत्तम लागतो.

निसर्गात_रहा

ज्याची त्याची श्रद्धा.

नाईट_ड्युटी_ताई

मी स्टाफ नर्स, सतरा वर्षं मॉर्निंग-इव्हिनिंग-नाईट करतेय आणि स्वतः बीपीची गोळी चार वर्षं घेतेय, त्यामुळे भाऊ तुमचा प्रश्न वाचून हसू पण आलं आणि पोटात पण कालवलं.

मी काय केलं ते सांगते. एका कागदावर तीन आडव्या रेघा मारल्या, प्रत्येक शिफ्टची एक, आणि चोवीस तासांत मी कधी झोपलेली असते ते काळं केलं. मग तिन्ही रेघांत पांढरी राहिलेली आणि त्या वेळी मी काहीतरी नक्की करत असतेच अशी जागा शोधली. सकाळ बाद झाली, चहा बाद झाला. उरलं रात्रीचं जेवण. तुमचंही बघा ना, फर्स्टला तुम्ही रात्री आठला घरी जेवता, सेकंडला साधारण त्याच सुमाराला कंपनीच्या कॅन्टीनला जेवता, थर्डला घरून जेवून निघता. बाकी सगळं उलटंपालटं होतं पण रात्रीचं जेवण जागेवर असतं. गोळी त्याला बांधा. पान वाढलं की पहिल्या घासाआधी गोळी, जेवण झाल्यावर नाही, कारण जेवण झाल्यावर माणूस उठतो, हात धुतो, टीव्ही बघतो आणि संपलं.

सकाळची रात्री केली तर चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून करा, पण भीती बाळगायचं कारण नाही. २०२२ मध्ये लॅन्सेटला ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास छापून आला, एकवीस हजारांवर माणसं होती, काहींनी बीपीच्या गोळ्या सकाळी घेतल्या काहींनी संध्याकाळी, पाचेक वर्षं बघितलं, हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकमध्ये फरक निघाला नाही. म्हणजे ज्या वेळी घेणं जमतं ती आपली वेळ. फक्त लघवीची गोळी ज्यांना आहे, क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड वगैरे, त्यांनी रात्री घेतली तर बाथरूमच्या वाऱ्या होतात. तुमच्यात ती दिसत नाही.

बदलताना मात्र, आज सकाळी घेतलीय आणि आज रात्रीपासून चालू असं करू नका, मंगळवारचा कार्यक्रम परत होईल. मधे किती अंतर ठेवायचं तेही त्यांनाच विचारा.

आता राहिली तर काय. झोपायच्या आत आठवलं तर घेऊन टाका. दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं तर गेली ती गेली, रात्रीची एकच घ्यायची, कालची भरपाई म्हणून दोन नाही. आणि घेतली का नाही अशी शंका असेल, स्ट्रिपवरूनही कळत नसेल, तर त्या दिवशी घेऊ नका. तुमची ॲम्लोडिपिन दमदार आहे, रक्तातली अर्धी व्हायलाच तीस ते पन्नास तास लागतात, एका दिवसाने ती लगेच साथ सोडत नाही. पण हे मी तुमच्या गोळीबद्दल बोलतेय. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, क्लोनिडिनवाल्यांनी हे वाचून निवांत होऊ नये, ती एकदम थांबली तर बीपी उसळतं, ॲटेनोलॉल-मेटोप्रोलॉलवाल्या हृदयाच्या पेशंटला तर छातीत दुखणंही सुरू होऊ शकतं.

आणि मंगळवारी जे झालं ते डॉक्टरांना सांगितलंत का? नसेल तर सांगा, ओरडले तर ओरडू देत. परत कधी डबल घेतली गेली तर लगेच फोन करून सांगायचं, त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही, मशीनला पण नाही, आणि चक्कर आली तर जिथे असाल तिथे आडवं व्हायचं, पाय उशीवर.

चिपळूणची_सून

शिफ्टचं माहीत नाही पण आमच्या सासूबाईंचं सांगते. त्यांच्या गोळ्या महिन्याला चार-पाच हमखास उरायच्या. विचारलं तर रोज घेते गं म्हणायच्या, आणि खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. मी एकदा कालनिर्णयवर खुणा करायला लावल्या तेव्हा उलगडलं, दोन एकादश्या, संकष्टी, आणि श्रावण असला तर सोमवार. त्यांच्या डोक्यात होतं की गोळी जेवणावरच घ्यायची, उपासाला जेवण नाही म्हणजे गोळी पण नाही. विसरत नव्हत्याच मुळी, नियम पाळत होत्या! डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले ही गोळी रिकाम्या पोटी चालते, पाण्याबरोबर घ्या, पाण्याने उपास मोडत नाही ना आजी? आता घेतात. वर साबुदाण्याच्या खिचडीवर तळलेला पापड पण घेतात, त्याबद्दल मी काही बोलत नाही, एकेक करून.

कालनिर्णयची खूण मात्र गिळल्यावर करायची. आधी खूण केली आणि दूध उतू गेलं म्हणून पळालं की झाला घोळ, स्वानुभव.

निवांत_नाना

हे एकादशीचं आमच्या हिला विचारायला पाहिजे.

शिफ्टवाला_भोसरी

सगळ्यांचे आभार. ताई तुमचा तीन रेघांचा कागद मी काल रात्री खरंच काढला, पोरगी विचारत होती बाबा तुम्हाला पण होमवर्क आहे का.

एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती, ते निसर्गवाले भाऊ बोलले म्हणून लिहितो. सगळ्या वेळा मी विसरलेलो नाहीये. काही वेळा स्ट्रिप समोर असते आणि मी ती बघून पण पुढे जातो. मला काही होत नाही ना, डोकं दुखत नाही, चक्कर नाही, पायऱ्या चढतो, मग ४४ व्या वर्षापासून जन्मभर गोळी कशाला, आज नको, उद्या बघू, आणि मग उद्या मीच बायकोला सांगतो की विसरलो. हे तिला अजून माहीत नाही.

उसाचा_फड

भाऊ तुमचं शेवटचं वाचलं म्हणून लॉगिन केलं, एरवी मी फक्त वाचतो.

आमचे वडील, सांगली जिल्हा. ५२ व्या वर्षी बीपी निघालं, दोन वर्षं गोळी घेतली, मग मोजलं तर १२८/८०, म्हणाले झालो बरा, बंद केली. ते गोळीमुळे १२८ होतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही किंवा सांगितलं असेल तर त्यांनी ऐकलं नाही. काहीच त्रास नव्हता, फडात तोडणी चालू होती, पहाटे उठून ट्रॉली भरून घ्यायचे. दीड वर्ष गेलं. एका सकाळी तोंड धुताना तांब्या हातातून पडला. उचलायला वाकले, धरला, परत पडला. आईला वाटलं झोपेत आहेत, ती हसली. तिसऱ्यांदा पडला तेव्हा तिने तोंडाकडे बघितलं, एक बाजू खाली आलेली. उजवा हात अजून पूर्ण आलेला नाही, नऊ वर्षं झाली. जेवतात डाव्या हाताने.

आता रोज गोळी घेतात, एकही चुकत नाही. आई त्या वेळचं हसणं अजून काढते.

तुम्हाला घाबरवायला नाही लिहिलं. बायकोला सांगा तेवढं.

नाईट_ड्युटी_ताई

उसाचा_फड, बाबांना नमस्कार सांगा.

शिफ्टवाले भाऊ, त्रास होत नाही म्हणून नको वाटते, हे मी ओपीडीत रोज ऐकते आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मी स्वतः पण हेच केलंय, नर्स असून. मला उपयोग झाला तो घरी मोजायचा. मशीन दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, मोजताना बोलायचं नाही. दोनदा मोजून लिहून ठेवा. घरी १३५/८५ च्या खाली राहिलं पाहिजे असं साधारण धरतात, तुमचं किती ते डॉक्टर सांगतील. मी तो आकडा वहीत लिहायला लागले आणि मला दिसलं की बुडवलेल्या आठवड्यातले आकडे वेगळे आहेत. शरीर सांगत नाही, वही सांगते. आणि वजन, मीठ, चालणं याने बीपी उतरून पुढे गोळी कमी झालेले लोक पण आहेत, पण ती डॉक्टरांनी कमी करायची, आपण नाही.

अंगदुखीला मेडिकलमधून आणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेत असाल तर ते पण सांगा त्यांना. त्याने बीपी वाढतं. मशीन शॉपवाल्यांची कंबर मला माहितेय.

शिफ्टवाला_भोसरी

घेतो. म्हणजे घ्यायचो.

शिफ्टवाला_भोसरी

तीन आठवड्यांनी लिहितोय, तिन्ही शिफ्टचा एक फेरा झाला.

बायकोला सांगितलं. अर्धा दिवस बोलली नाही, मग संध्याकाळी मार्कर घेऊन बसली आणि तारखा तिनेच लिहिल्या, माझ्यापेक्षा अक्षर चांगलं आहे. डॉक्टरांनी दोन्हीची मिळून एक गोळी दिली आणि रात्री जेवताना चालेल म्हणाले. डबल घेतल्याचं सांगितल्यावर चष्म्याच्या वरून बघितलं फक्त. एकवीस दिवसांत एक राहिली, म्हणजे १९ तारखेचा खळगा अजून भरलेला आहे आणि तो बघून राग येतो. गुरुवारी सुट्टी होती, बहिणीकडे जेवायला गेलो, स्ट्रिप घरी.

तर आता शेवटचा प्रश्न. बाहेर जेवणार असलो तर जवळ एखादी गोळी पाहिजे. एक स्कूटरच्या डिकीत टाकून ठेवू का कायमची?

मेडिकलवाल्या_काकू

डिकीत अजिबात नको, उन्हात भट्टी होते ती. पाकिटात पण नको, बसून बसून फॉइल फाटतं आणि मग टेल्मिसार्टनचं काय होतं ते वर सांगितलंय. रोज अंगाबरोबर काय असतं तुमच्या?

शिफ्टवाला_भोसरी

कंपनीचं आयकार्ड, किल्ल्या आणि जवळचा चष्मा. तो नसला तर मला व्हर्नियर वाचता येत नाही.

मेडिकलवाल्या_काकू

मग चष्म्याच्या घरात ठेवा. फॉइलसकट एक खळगा कापून. आणि ती वापरली की त्याच रात्री दुसरी टाका.

शिफ्टवाला_भोसरी

टाकली. बायकोने त्यावर पण तारखेच्या जागी "बहीण" लिहिलंय.